चढती वेळ

आमच्या घरात आजार तीनच. पित्त, थकवा आणि नाटक. डोकं दुखलं की पित्त, पाय दुखले की थकवा, आणि यातलं काहीही पाहुणे यायच्या दिवशी झालं की नाटक. त्यामुळे लेकीच्या घरी पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी "डोकं जरा जड आहे" असं हे म्हणाले, तेव्हा मी पिशवीतून सुंठ काढली, उगाळून कपाळाला लेप दिला आणि माझ्यापुरता विषय मिटवला. विमानात अरबट-चरबट खाल्लं होतं. पित्तच ते.

लेक ज्या देशात नोकरी करते तो देश फार उंचावर आहे. किती, ते तिने मला फोनवर फुटांत आणि मीटरमध्ये दोन्हींत सांगितलं होतं, पण मला काही बोध झाला नव्हता. तिथे गेल्यावर झाला. चहाला उकळी लगेच यायची आणि चहा कोमटच लागायचा. डाळ आठ शिट्ट्या खाऊनही ढिम्म. घरून आणलेले बिस्किटांचे पुडे फुगून टम्म झाले होते. पावसाळा नुकताच संपून कोरडे महिने लागले होते. आकाश इतकं निळं की वर बघवत नव्हतं. गल्लीतला चिखल वाळून त्याची ढेकळं झाली होती आणि ढेकळांची धूळ व्हायला लागली होती. समोरच्या छपरांवर माणसं चढून पावसाने सडलेले पत्रे बदलत होती, दिवसभर नुसती ठोकाठोक. ओला टॉवेल गॅलरीत टाकला की तासाभरात पापड. माझे ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि हसायचं म्हटलं तर आधी व्हॅसलिन शोधावं लागायचं. मी तशी कमीच हसते, तो भाग वेगळा.

हे शाळेत पीटीचे मास्तर होते. रिटायर झाले, पण पाठ अजून ताठ. घरी सोफ्यावरही असे बसतात की बघणाऱ्याला वाटावं, आता शिट्टी वाजेल आणि हे उठून कवायत घेतील. लेकीने सांगितलं होतं, आल्या आल्या दोन दिवस पडून राहायचं, जिना सावकाश चढायचा. यांनी दोन्ही हातांत बॅगा घेतल्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता गेले. वर पोचून म्हणाले, "दम लागणं हा सवयीचा प्रश्न आहे." मग बराच वेळ खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्या कॅलेंडरवरची लिपी त्यांना वाचता येत नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी तेव्हा स्वयंपाकघरात त्या डाळीशी भांडत होते.

आम्ही गेलो होतो ते रस्ता बघायला. लेक रस्त्याची इंजिनिअर. शहरापासून डोंगर चढून वरच्या खिंडीपर्यंत जाणारा रस्ता तिच्या ताब्यात होता. पावसात तो जागोजागी खचायचा आणि कोरडे दिवस लागले की त्याची दुरुस्ती सुरू व्हायची. दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या रुंदीत एकच गाडी मावायची. म्हणून तिने नियम केला होता. सकाळी चढती वेळ, दुपारनंतर उतरती वेळ. चढत्या वेळेत एकही गाडी खाली यायची नाही, उतरतीत एकही वर जायची नाही. नियम नव्हता तेव्हा दोन ट्रक समोरासमोर आले होते आणि त्यांतला एक दरीत गेला होता. तेव्हापासून तिच्याकडे अपवाद नव्हता. एका बड्या साहेबाची गाडी तिने दुपारपर्यंत फाटकाशी उन्हात उभी करून ठेवली, ही गोष्ट सांगताना यांची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी. तिला नोकरी लागली तेव्हा हे म्हणाले होते, "रस्ता झाला की पहिला मला दाखवायचा." आणि लेक त्यांचीच. शब्द दिला म्हणजे दिला.

बघता बघता मुक्काम संपत आला. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. म्हणजे रस्ता बघायचा तर आजच.

सकाळी निघालो. ड्रायव्हर आणि लेक पुढे, आम्ही दोघं मागे. शहर संपलं आणि चढ सुरू झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. माझ्या खिडकीतून धूळ येत होती. मी म्हटलं, "काच लावते. तुमची ती मोकळी हवा घरी गेल्यावर खा."

एरवी यावर मोकळ्या हवेच्या फायद्यांवर एक प्रवचन झालं असतं. हे म्हणाले, "हो. तुझं बरोबर आहे."

मी वळून पाहिलं. माझं बरोबर आहे हे या माणसाला पटायला निदान दोन दिवस आणि एक तिसरा माणूस लागतो. मी हळूच विचारलं, "मग परत गेल्यावर महिनाभर माझ्या बहिणीकडे राहायला जाऊ या?"

"जाऊ की," हे म्हणाले.

माझ्या बहिणीकडे हे पाणीसुद्धा पीत नाहीत.

"गाडी थांबव," मी लेकीला म्हटलं. "बाबांना बरं नाहीये."

"काय होतंय?"

"माझं ऐकतायत."

ती हसली. तिने ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, तोही हसला. "आई, उंचीवर सगळेच थोडे मऊ पडतात. बाबा, ठीक आहात ना?"

"एकदम," हे म्हणाले. शब्द जरा लोळत आला, पण त्यांच्याच आवाजात आला. लेकीने मागे वळून बघितलं नाही. मला तेव्हा तिचा राग आला. वाटलं, रस्त्यापुढे हिला बाप दिसत नाही.

पुढे निम्म्या वाटेवर फाटक होतं. तिथे रस्ता थोडा रुंद होता, पत्र्याची एक टपरी होती आणि हातात लाल झेंडा घेतलेला फाटकवाला होता. वर मशीनने ढिगारा काढणं चाललं होतं, म्हणून गाड्या थांबवल्या होत्या. आमची गाडी सगळ्यांत पुढे. मागच्या अरुंद रस्त्यावर ट्रक एकामागोमाग येऊन लागत होते. लेक उतरून फाटकवाल्याशी बोलायला गेली. मी पाण्याची बाटली शोधत होते. तेवढ्यात यांच्या बाजूचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी बघते तर हे उतरून चालायला लागलेले. एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती. पाय एकमेकांत अडकत होते, आणि अख्खा माणूस डावीकडे कलत चालला होता. सरळ दरीच्या कडेकडे.

"अहो! कुठे निघालात?"

"गाडीत बसतो," हे शांतपणे म्हणाले आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

मी कशी धावले मला माहीत नाही. त्या हवेत चार पावलं टाकली तरी छाती फुटायची. मी त्यांची मागून कॉलर धरली आणि दोघंही मागे धुळीत बसलो. त्यांच्या पुढे रस्ता एवढाच उरला होता की एखादं पातेलं ठेवावं. मी ओरडले, तेव्हा लेक पळत आली.

"उभं करून बघ त्यांना," मी म्हटलं. "बघ तूच." आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं. मी समोर उभी राहिले आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, "सावधान!"

शाळेतल्या पोरांच्या किती पिढ्यांना त्यांनी हा शब्द ऐकवला असेल. त्यांनी टाचा जुळवायचा प्रयत्न केला. जुळेनात. खाली बघून ते स्वतःचे पाय शोधायला लागले, आणि मग सरळ माझ्या अंगावर कोसळले. उलटी झाली, माझ्या पदरावरच. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं. ते माझ्याकडे बघून हसले, एखाद्या अनोळखी बाईकडे बघून हसावं तसे.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "खिंडीजवळ आमचा कॅम्प आहे," ती भराभर बोलायला लागली. "डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे. अर्धा तास. मशीन बाजूला घ्यायला सांगते, वरच नेऊ या."

"वर आणून बिघडलंय ते आणखी वर नेऊन सुधारेल?"

"आई, तुला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. पण शहरात यांचं नुसतं डोकं दुखत होतं. इथवर आले तर पाय गेले. अजून वर गेल्यावर काय जाईल, ते तूच सांग."

तिने वायरलेस उचलला. पलीकडच्या डॉक्टरचा आवाज खरखरत आला. भाषा मला येत नव्हती, पण तो एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उतरत होता.

"काय म्हणतोय?"

"खाली न्या म्हणतोय. आत्ता. सिलिंडर आहे, पण वर आणायची जोखीम घेऊ नका म्हणतोय."

"मग चल."

ती हलली नाही. मागे बघत राहिली. मीही पाहिलं. वळणापर्यंत ट्रकच ट्रक. लाकडं भरलेले, सिमेंट भरलेले, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

"चढती वेळ आहे, आई. दुपारशिवाय रस्ता मोकळा व्हायचा नाही."

"दुपारपर्यंत तुझे बाबा राहतील?"

"हे सगळे मागे घ्यावे लागतील. रुंद जागा सापडेपर्यंत, एकेक, उलटे. कडा अजून ओल्या आहेत आतून. वरून वाळलेल्या दिसतात एवढंच. मागे घेताना एखादा गेला तर? तोही कुणाचा तरी बाप असेल ना, आई."

यावर मोठं मन दाखवून काहीतरी बोलायला हवं होतं. पण मांडीवर यांचं डोकं होतं आणि श्वास असा येत होता की प्रत्येक वेळी वाटावं, हा शेवटचा. मी म्हटलं, "असेल. मला कळतं ते. तरी मला हे पाहिजेत."

ती फाटकवाल्यापाशी गेली आणि त्याच्या हातातला लाल झेंडा काढून घेतला. तो काहीतरी बोलला. बहुधा तिचाच नियम त्याने तिला ऐकवला असणार. तिने मान हलवली आणि वायरलेसवर मोठ्याने काहीतरी सांगितलं. "रस्ता मी बंद केलाय," ती मला म्हणाली. "माझ्या नावावर. दोन्ही बाजूंनी."

मग आम्ही उतरायला लागलो. त्याला उतरणं तरी कसं म्हणायचं. लेक झेंडा घेऊन पुढे पायी, मागे आमची गाडी बैलगाडीच्या चालीने. पहिल्या ट्रकची चाकं तिने स्वतः बघितली, हाताने खुणा करत त्याला वळणावरच्या रुंद जागेत मागे घेतलं. त्याच्या मागच्या चाकाखालून एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. त्या ट्रकच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटले की यांचा श्वास जास्तच ऐकू यायचा.

दुसरा गेला, तिसरा गेला. मग टोमॅटोचा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि समोर बघत बसला. लेक त्याच्याशी बोलली. तो ढिम्म. ती पुन्हा बोलली. त्याने मागच्या मालाकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे. मला भाषांतराची गरज पडली नाही. या माणसाला तिने कधीतरी असंच थांबवलं होतं, त्याचा माल सडला होता, आणि आता त्याची पाळी होती. बड्या साहेबाला उन्हात उभं करणारी माझी लेक त्या ट्रकसमोर हात जोडून उभी राहिली.

तो खाली उतरला. आमच्या गाडीपाशी आला आणि काचेतून आत वाकून बघितलं. यांचं तोंड उघडं होतं, ओठ जांभळे पडत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते. तो परत गेला, आणि इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला हुंदका फुटला.

रस्ता मोकळा झाल्यावर लेक गाडीत चढली आणि ड्रायव्हरने गाडी पळवली. वाटेभर मी यांना झोपू दिलं नाही. चिमटे काढले, गालावर थापट्या मारल्या, होते नव्हते तेवढे सगळे टोमणे मारले. "अहो, घंटा झाली. अहो, मुलं मैदानात गोंधळ घालतायत. अहो, माझी बहीण आलीय." मध्येच ते "हूं" म्हणायचे. एका मोठ्या टप्प्यात तेही नाही. तेव्हा मी काय बोलत होते ते मला आठवत नाही, आणि लेकीला विचारायची माझी इच्छा नाही.

शहरातल्या दवाखान्यात त्यांना मास्क लावला, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी त्यांनी माझं बोट धरलं. रात्रभर झोपले. दुसऱ्या सकाळी डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि मला म्हणाले, "केस विंचर की जरा. अवतार बघ." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

डॉक्टर आले. तपासून झाल्यावर लेकीला बरंच काही सांगितलं. ती आम्हाला सांगत होती. मेंदूला सूज आली होती. आणखी वर नेलं असतं तर हाताला लागले नसते. आजचं विमान विसरायचं, प्रवासाला झेपतील तेव्हा थेट खाली, आणि आयुष्यात पुन्हा इतक्या उंचावर यायचं नाही. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला. लेक तो विचारताना जमिनीकडे बघत होती.

"बाबा, ते विचारतायत, त्रास कधीपासून होता, आणि कुणाला सांगितलं होतं का?"

हे मास्क बाजूला करून लगेच म्हणाले, "कुणालाच नाही. सांग त्यांना. म्हातारा हट्टी आहे म्हणावं, कुणाला पत्ता लागू दिला नाही."

डॉक्टर वाट बघत होते. शेवटी लेक त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. म्हातारा हट्टी आहे एवढं सांगायला जितकं लागेल त्यापेक्षा ते खूपच जास्त होतं. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. ती बाहेर निघून गेली.

मी मागोमाग गेले. बाहेरच्या बाकाशी ती भिंतीला टेकून उभी होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते." ती माझ्याकडे बघत नव्हती. "परवा जिन्यात बाबांनी मला थांबवलं. म्हणाले, पायऱ्या दोन-दोन दिसतायत. मी त्यांना डोकेदुखीची गोळी दिली. म्हटलं, सगळ्यांनाच होतं, दोन दिवस कळ काढा. रस्ता तेवढा बघून घ्या. आणि आईला सांगू नका, ती जाऊ देणार नाही."

माझा हात शिवशिवला. खोटं कशाला सांगू, उचललाही. ती तशीच उभी राहिली, चुकवायलासुद्धा बघितलं नाही. हात खाली आला तो त्यामुळेच. मी म्हटलं, "हे मी विसरणार नाही." ती म्हणाली, "नको विसरूस." आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली, जशी घर सोडून इकडे नोकरीला येतानाही रडली नव्हती. मला तिचा संताप येत होता आणि मी तिची पाठ थोपटत होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे आईला कुणी शिकवावं लागत नाही.

दार अर्धवट उघडं होतं. आत हे उशीवरून मान उंचावून दाराकडे बघत होते. घाबरले होते. आदल्या दिवशी मरणाच्या दारात उभे असताना हा माणूस घाबरला नव्हता, आणि आता घाबरला होता, कशाला, तर मला कळलं की काय म्हणून. ज्या डोक्याला काल स्वतःचे पाय सापडत नव्हते, त्याने ताळ्यावर येताच पहिलं काम केलं ते लेकीला पाठीशी घालायचं.

मी तिचे डोळे पुसले. "मला काही कळलेलं नाही," मी तिला म्हटलं. "समजलं? त्यांच्यासमोर तोंड उघडशील तर याद राख."

आत गेले. हे माझा चेहरा वाचत होते. "काय म्हणत होती गं?"

"काय म्हणणार? रडतेय. तुमच्यामुळे." आणि मग मी कंबरेवर हात ठेवून सुरू झाले. "दडवून ठेवता? माझ्यापासून? पोरीपासून? एवढं दुखत होतं तर तोंड शिवलं होतं? तिला बिचारीला काय कल्पना? तिने काय करायचं होतं?"

"चुकलं गं," हे म्हणाले. मान खाली घालून ऐकत होते, आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरत गेलं की मला रडू यायला लागलं. म्हणून मी आवाज आणखी चढवला, बाहेर बाकापर्यंत नीट जाईल एवढा.